गाळलेलं वाक्य

आवाज आपलाच आहे हे रूपालीला लगेच कळलं नाही. पुण्याची गाडी बीडला सोडून ती केजच्या गाडीसाठी स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसली होती. तापलेला बाक, डिझेल आणि तंबाखूचा मिसळलेला वास, रसाच्या गाड्यावरचं घुंगरू. या सगळ्यातून शेजारच्या माणसाच्या फोनमधली एक बाई बोलत होती, आणि रूपालीला फक्त एवढंच वाटलं की ही बाई आपल्याकडची दिसते, केजच्या बाजूची. आपला आवाज बाहेरून ऐकू आला की तो दुसऱ्याचाच वाटतो, जरा पातळ, जरा नाकातला. मग ती बाई म्हणाली, "चहा पिऊन उठणाऱ्या पाव्हण्यासारखे हायेत हे कण, काम झालं की निघाले." हे वाक्य जगात तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो माणूस जाऊन आता दुसरं वर्ष सरत आलं होतं. तिनं आधी स्वतःची पर्स उघडली, आपलाच फोन आत चुकून चालू झाला असेल म्हणून. फोन गप्प होता. बोलणं शेजारूनच येत होतं, आणि त्या बोलण्यामागे कुणीतरी बासरी लावली होती.

शेजारचा माणूस साठीच्या आसपासचा होता. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं. त्याच्या पलीकडे त्याची बायको बसली होती, आणि तिच्या चपला बाकाखाली पडल्या होत्या, कारण त्यांत तिचे पाय मावत नव्हते. चेहराही सुजलेला, डोळे आत बुडाल्यासारखे. "मामा, हे काय लावलंय?" रूपालीनं विचारलं. "औषध हाय ताई, गुडघ्याचं," तो म्हणाला. "सोन्याचं पाणी म्हणतेत. किती थेंब घ्यायचे ते इसरतंय, शेवटाला एक गडी सांगतोय, म्हणून लावतो." बायको रोज घेत होती, दिवाळीपासून. गुडघे अगदी मोकळे झाले होते, पुन्हा मेंढरांमागं चालायला लागली होती. "पन आता अंगावर सूज यायलीय," तो म्हणाला, "हवापाण्यानं आसंल." रूपालीनं वाकून बाईला विचारलं, "मावशी, लघवी नीट होते का?" माणूस दुसरीकडे बघायला लागला. बाई हळूच म्हणाली, "कमी झाली बाई लई." रूपालीनं तिच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा, आणि ती त्या खळग्याकडे पाहत राहिली. तो भरून येईना.

"मामा, हे औषध बंद करा. आत्ताच्या आत्ता. अन् इथं सरकारी दवाखान्यात दाखवा यांना, आज."

"कावून?"

काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे तिला सुचेना. "ह्यातला आवाज माझा आहे," ती म्हणाली. म्हटल्यावर तिलाच ते खोटं वाटलं. म्हाळूनं, त्यानं आपलं नाव मागून सांगितलं, फोन तिच्यापुढं धरला. पडद्यावर पांढऱ्या कोटातली, सोनेरी केसांची, कुठल्यातरी परदेशातली डॉक्टरीण हसत होती. तिचे ओठ हलत नव्हते. "ही बाई गोरी हाय, ताई," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो तिला फक्त दाखवून देत होता. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. त्यांना लिंबागणेशला जायचं होतं, मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर होती. रूपालीनं आपला नंबर एका कागदावर लिहून साखराबाईच्या, त्या बाईच्या, मुठीत दाबला आणि "आज नाही तर उद्या, पण दवाखान्यात जा" असं गाडीच्या पायरीपर्यंत सांगत राहिली. साखराबाईनं मान हलवली. पण ती मान पाठ सोडावी म्हणून हलवलेली होती.

केजच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर तिनं ते बोलणं मनात पुन्हा ऐकलं. त्यात एक जागा होती, जिथं तिचा श्वास तुटला होता. बोलताना आपण कुठं थांबतो हे माणसाला माहीत नसतं, पण दुसऱ्यानं थांबवलं की ते अंगाला कळतं, पायरी एक कमी असली की कळतं तसं. "अंगात काय राहत न्हाई" आणि "हे आपल्या लोकांच्या लई कामाला येणारंय" या दोन वाक्यांमध्ये काहीतरी होतं, ते आता नव्हतं. तो निरोप तिनं आबांना पाठवला होता. आबा, म्हणजे तिचे वडील सर्जेराव, केजच्या तहसील कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि कारकून होऊन निवृत्त झाले. नंतर त्यांची मूत्रपिंडं गेली आणि अंबाजोगाईच्या मशीनवर त्यांचं रक्त धुतलं जायला लागलं. एकदा तिथूनच त्यांनी तिला फोन करून विचारलं होतं, "तू करतीस तरी काय गं नेमकं? हितं लोक इचारतेत, मला सांगता येत न्हाई." तेव्हा ती पुण्यात प्रयोगशाळेत होती, उंदरांची वेळ झाली होती, म्हणून तिनं संध्याकाळी जिन्यात बसून बोलून पाठवलं. घरच्या बोलीत, कारण आबांशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणं म्हणजे चपला घालून घरात शिरल्यासारखं झालं असतं. आबा, आमी सोन्याचे कण करतो. सोनं म्हणून वळखू यायचं न्हाई इतके बारीक. मोठे कण अंगात गेले की काळीज त्यांना धरून ठेवतं, सोडत न्हाई. हे बारीक कण किडनीच्या चाळणीतनं अलगद निघतेत. आत जायचं, दुखणं कुठं हाय ते दाखवायचं, अन् लघवीवाटे बाहेर. यकृत म्हणायचं होतं, पण आबांसाठी तिनं काळीज म्हटलं होतं. आणि आता ते काळीज बासरीवर वाजत होतं.

मधलं वाक्य तिला पाठ होतं. ते बोलताना ती जिन्यात तीन-चारदा थांबली होती, दोनदा पुसून पुन्हा बोलली होती. "पण आबा, त्याला किडनी धड लागती, तुमच्यातनं ते बाहेर पडायचे न्हाईत, अन् आमचं काम आजून तर उंदरांवरच चाललंय." म्हणजे तुमच्या वेळेला हे येत नाही. एवढंच तिला सांगायचं होतं, आणि ते सांगायला सगळे सोन्याचे कण, सगळ्या चाळण्या, सगळे पाहुणे आधी रांगेनं उभे करावे लागले होते. प्रयोगशाळेत एखाद्या उंदराच्या मूत्राशयात यंत्राच्या पडद्यावर उजेड दिसला, कण बाहेर निघाले, की सगळे आनंदानं एकमेकांकडे बघत; आणि तिला त्या उजेडात नेहमी अंबाजोगाईची खोली दिसायची, नळ्या, आबांची पालथी मनगटं. ते वाक्य कुणी काढलं असेल हे तिला माहीत होतं. गाडी केजच्या अलीकडे आली तोवर तिनं ते नाव मनात येऊ दिलं नव्हतं, इतकंच.

संजय तिचा थोरला भाऊ. केजच्या बाजारपेठेत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लग्नांचं, वाढदिवसांचं, जयंतीच्या मिरवणुकीचं शूटिंग तो करायचा. हात त्याचा चांगला होता. आबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं शूटिंग त्यानंच केलं, आणि भंतेजींच्या वंदनेत मध्येच वाजलेला ट्रकचा हॉर्न त्यानं असा काढून टाकला की तो कधी वाजलाच नव्हता. तेव्हा तिनंच त्याचं कौतुक केलं होतं. कसं केलंस दादा, म्हणून त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली होती, आणि त्यानं पडद्यावरची आवाजाची दातेरी रेघ दाखवली होती: इथून धरायचं, इथं सोडायचं, टोकं जुळवायची. आबांचा फोन त्यानंतर त्याच्याकडेच राहिला. लोकांचे फोन येतात, म्हणाला होता. ते तिला बरं वाटलं होतं, की आबांचा नंबर कुणीतरी उचलतंय.

दुकानात शिरताच तिला कोपऱ्यात खोकी दिसली. वर छापलेलं होतं 'कांचनबिंदू', आणि खाली सोनेरी थेंबात दोन घेवड्याच्या दाण्यांसारखी मूत्रपिंडं. संजयनं तिला पाहिलं, मग ती कुठं पाहतेय ते पाहिलं, आणि आधी पंखा वाढवला. "बस की," तो म्हणाला. ती बसली नाही. "दादा, तो आबांना पाठवलेला निरोप आहे," ती म्हणाली.

"हाय ना. मी कुठं न्हाई म्हणतो."

"तू तो औषधाला लावलास."

"तू काय खोटं बोललीस का त्यात? न्हाई. तुझ्या बोलण्यात मी एक शब्द जोडला का? न्हाई. एक वाक्य काढलं. ते तर आबापुरतं व्हतं, रूपा, लोकाला त्याचं काय."

तो हे इतक्या सरळपणे म्हणाला की क्षणभर तिला वाटलं, खरंच, लोकाला त्याचं काय. मग साखराबाईच्या घोट्यावरचा खळगा आठवला. बाटलीत काय आहे, तिनं विचारलं. त्याला माहीत नव्हतं. बाहेरून ड्रम येतात, इथं बाटल्या भरतात, तो जाहिरात करतो आणि या तालुक्यात विकतो. सोनं आहे म्हणाले, आयुर्वेदातही सोनं असतं, लोकांचे गुडघे बरे होतात, आणखी काय पाहिजे. मग त्याचा आवाज जरा चढला. "मोठ्या डॉक्टरचा आवाज लावून बघितला पहिलं. कुणी इकत घेईना. तुझा लावला तवा लोक म्हणले, ही तर आपलीच लेक बोलायली." मग खाली बघत तो म्हणाला, "आबाला दवाखान्यात मी न्यायचो. बसायचो मी. उलटीचं भांडं मी धरायचो. तू आवाज धाडायचीस."

हे खरं होतं. म्हणूनच ते तिला पूर्ण लागलं, आणि लागलेल्या जागेवर हात धरून ती आत दुसरं काही शोधायला लागली, काहीतरी जे त्याला सोडवील. अकरावीला तिला अंबाजोगाईच्या वसतिगृहात सोडायला तोच आला होता, डोक्यावर पेटी घेऊन. फाटकातून आत पुरुषांना सोडत नव्हते, तर तो बाहेर उभा राहून प्रत्येक मजल्याच्या खिडकीकडे बघत होता, ती कुठल्या खिडकीत येते म्हणून. ती आली तेव्हा त्यानं हात हलवला नाही, नुसती मान वर केली, आणि गेला. असा माणूस. त्याला माहीत नव्हतं, तिनं ठरवलं. अडाणीपणा असेल, हाव असेल, बहिणीवरचा राग असेल. पण बाटलीत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. हे ठरवल्यावर तिला थकवा आला आणि थोडं बरंही वाटलं. "हे आजपासून बंद कर," ती म्हणाली. "मी एक बाटली तपासायला नेते." तो म्हणाला, "ने की." तिनं खोक्यातली एक बाटली पर्समध्ये टाकली, आणि तो पुन्हा कुणाच्यातरी उघडलेल्या फोनवर वाकला.

युसूफ वडगावला जीपनं पोचली तोवर उन्हं कलली होती. आई, मुक्ताबाई, दारापुढच्या ओट्यावर तूर निवडत बसली होती, मांडी घालून. ते रूपालीला आधी खटकलं नाही, उलट छान वाटलं. मग आठवलं की आईला मांडी घालून बसता येईनासं होऊन वर्षं झाली. तिला बीपी होता, शुगर होती, आणि गुडघे असे की बुद्धवंदनेलाही ती खुर्चीवर बसायची. "गुडघा बरा दिसतोय," रूपाली म्हणाली. आपला आवाज सपाट आल्याचं तिला ऐकू आलं. आई हसली. तिनं लहान मुलीसारखं इकडंतिकडं पाहिलं, आत गेली, आणि डाळीच्या डब्यामागून बाटली काढून आणली. कांचनबिंदू. अर्ध्याच्या खाली गेलेली.

"आई, हे कुणी दिलं तुला?"

"कुणी न्हाई. मीच घेतली. संज्याच्या खोक्यातली." मग जरा अपराधी होऊन, "त्यो तर नगंच म्हणत व्हता. हात लावू नगंस म्हणला, आपल्या घरात हे आणायचं न्हाई म्हणला, एकदा तर बाटली हिसकून घेतली. पन म्या म्हणलं, माझ्या लेकीचा आवाज हाय त्यात. ती काय वंगाळ सांगंल का?"

रूपाली ओट्यावर बसली. तुरीचे दाणे सुपात होते, खडे बाजूला काढलेले. एक शब्द तिच्या कानात राहिला, आणि तो 'आवाज' नव्हता, 'हिसकून' होता. जे माहीत नसतं ते कुणी हिसकून घेत नाही. ती हे मनात सरळ ठेवून पाहत होती, प्रयोगशाळेत नळीत गाळ बसेपर्यंत पाहत राहावं तसं, आणि गाळ बसत चालला. त्यानं ते विकायला ठेवलं. त्यानं ते आईपासून लांब ठेवलं. या दोन गोष्टी एकाच हातानं केल्या होत्या, एकाच दिवसांत, आणि त्या करताना तो जेवत होता, झोपत होता, तिला फोनवर "कधी येतीस" विचारत होता. पेटी डोक्यावर घेतलेला, खिडक्यांकडे बघणारा तो तरुण कुठं गेला नव्हता. तोच होता हा. तिला वाटलं असतं की भाऊ बदलला, तर सोपं झालं असतं. तो बदलला नव्हता. आपल्या माणसांची काळजी घेणारा तो होताच. फक्त आपली माणसं म्हणजे किती, याचा आकडा त्याच्याकडे फार लहान होता, आणि त्या आकड्यात राहून रूपाली इतकी वर्षं सुखात वाढली होती.

दिवेलागणीला संजयची मोटारसायकल दारात थांबली. तो बोलायच्या तयारीनं आला होता, हातात आईच्या आवडीच्या जिलेबीचा पुडा होता. ओट्यावर, दोघींच्या मध्ये, बाटली उभी होती. रूपाली त्याच्याकडेच बघत होती, म्हणून तिला सगळं दिसलं. तिला दुकानात पाहून तो दचकला नव्हता. या बाटलीला पाहून त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. "आई," तो म्हणाला, "कवापासून घेतीस हे?" आई म्हणाली, "संक्रांतीपासून." "रोज?" "रोज." त्यानं पुडा खाली ठेवला आणि आईच्या पायाशी उकिडवा बसून तिचे घोटे दाबून पाहायला लागला, आधी उजवा, मग डावा. कुठं दाबायचं, काय पाहायचं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. आबांच्या पायांवर तो ते शिकला होता.

"तुला माहीत होतं," रूपाली म्हणाली.

आई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मग तो घोट्यावरचा हात न काढता म्हणाला, "दुखण्याची गोळी आसती थोडी त्यात. लागतीच. त्याबिगर गुण कसा दिसंल? सगळ्यांनाच काय हुतं थोडंच." आणि मग, वर बघून, जणू हे सांगितल्यावर सगळं मिटेल, "आईला मी नगं म्हणलं व्हतं ना."

आईचे पाय सुजलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी केजला रक्त तपासलं. मूत्रपिंडाला धक्का पोचला होता, पण वेळेत थांबल्या, डॉक्टर म्हणाले, औषध पुन्हा घेऊ नका. संजय दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला, खरं रडला, आणि रूपालीला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. त्याच सकाळी म्हाळूचा फोन आला. "स्टँडावर भेटलेल्या ताई का?" तो म्हणाला. साखराबाईला रात्रीच श्वास लागला होता, बीडला आणली होती, किडनी बंद पडली म्हणत होते. तो काही विचारत नव्हता. नंबर होता म्हणून लावला होता. फोन ठेवल्यावर रूपाली पायरीवरच्या भावाला म्हणाली, "मी बीडला चाललेय, तक्रार द्यायला." त्याला वाटलं ती रागानं म्हणतेय. "घरातलं घरात बघू की," तो म्हणाला. ती म्हणाली, "घरातलं घरातच बघितलंस तू."

बीडला औषध निरीक्षकांच्या खोलीत तिनं आईची अर्धी बाटली टेबलावर ठेवली. दुकानातली ती पुण्याला नेणार होती. नंतर पुण्यातही तेच निघालं आणि सरकारी तपासणीतही तेच: रंग, साखरेचा पाक, आणि वेदना मारणारं औषध, रोज घेतलं तर धडधाकट माणसाचंही मूत्रपिंड बसवील इतकं. सोन्याचा एक कणही नव्हता. पण त्या दिवशी निरीक्षकांना आवाजाचं कळत नव्हतं. जाहिरातीतला आवाज तुमचा, मग जाहिरात तुमची नाही कशावरून, त्यांनी सभ्यपणे विचारलं. तिला मूळ निरोप लावून दाखवावा लागला. आबा गेल्यापासून तिनं तो उघडला नव्हता. दोन कारकून, एक पोलीस, चहाचे कप, आणि त्यांच्यामध्ये तिच्या फोनमधून ती स्वतःच बोलायला लागली: आबा, आमी सोन्याचे कण करतो. मधलं वाक्य आलं. जिन्यातला तिचा अडखळलेला श्वास त्या खोलीत सगळ्यांनी ऐकला, आणि कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. तिला बंद करायचं होतं, पण बोट वेळेवर पोचलं नाही आणि खालचा आबांचा परत आलेला निरोप आपोआप सुरू झाला. मशीनचा गुरगुर आवाज, आणि आबा, दमलेले: "कळलं बाई. आसू दे. माझ्या न्हाई तर दुसऱ्याच्या कामाला यील." निरीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ते म्हणाले, "ही दोन्ही लागतील आम्हाला. फोन ठेवावा लागेल." तिनं तो दिला. ज्या वाक्यासाठी ती जिन्यात रडली होती ते आता लाख लावलेल्या पाकिटात जाणार होतं, आणि ते वाचवायचा दुसरा मार्ग नव्हता.

संजयला धरलं. पुढच्या आठवड्यात ड्रम पाठवणारेही सापडले. गावात दोन मतं झाली. जास्त लोक म्हणाले, बहिणीनं भावाला असं करावं का. आईनं ते तोंडानं म्हटलं नाही. ती रूपालीला जेवायला वाढायची, गोळ्या वेळेवर घ्यायची, पण खुर्चीवर पुन्हा बसायला लागली तेव्हा एकदा गुडघा दाबत म्हणाली, "आबा आसते तर बाहेर गेलं नसतं हे." रूपालीला वाटलं, आबा असते तर काय केलं असतं ते आपल्याला दोघींनाही माहीत नाही. दुसऱ्याच्या कामाला यील म्हणणारा माणूस होता तो. पण ते आईला सांगण्यात काही अर्थ नव्हता. आईची एवढीच तक्रार होती की तिच्या दोन लेकरांपैकी एकानं घर सांभाळलं आणि दुसरीनं उघडं पाडलं, आणि तिनं पाहिलं होतं त्यावरून हे चूक आहे असं कोण म्हणणार. तिनं फक्त एकदा विचारलं, "त्या लिंबागणेशच्या बाईचं काय झालं?" आणि उत्तर ऐकून आत निघून गेली.

पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी रूपाली बीडच्या सरकारी दवाखान्यात गेली. साखराबाई मशीनला जोडलेली होती. सूज उतरली होती, आणि सुजेखालून बारीक, तरतरीत बाईचा चेहरा बाहेर आला होता, जो रूपालीनं कधी पाहिलाच नव्हता. म्हाळू पायथ्याशी स्टुलावर बसला होता. त्यानं रूपालीला ओळखलं, उठून जागा दिली, आणि ती बसेना तेव्हा दोघेही उभे राहिले. तिला माफी मागायची होती. पण कशाची, आपल्या आवाजाची की भावाची, हे ठरत नव्हतं, आणि तेवढ्यात तोच बोलला.

"पोलीस आलते. सांगितलं त्यांनी समदं. त्यो आवाज तुमचाच म्हणून." तो रागानं बोलत नव्हता, मेंढरांचा हिशेब लागेना तर माणूस बोलतो तसा बोलत होता. "पहिलं तुमी सांगितलं, ते आमी ऐकलं. मंग स्टँडावर तुमी सांगितलं, ते न्हाई ऐकलं."

साखराबाईनं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. थोड्या वेळानं म्हाळूनं हळूच विचारलं, आता सूज उतरली, हिला घरी नेली तर चालंल का, मेंढरं किती दिवस दुसऱ्याकडं ठेवायची. रूपालीनं त्याला समजावलं. तिला समजावता येत होतं, ते तिचं कामच होतं. सूज मशीननं उतरली आहे, किडनी अजून जागी झालेली नाही. होईलही कदाचित, काहींची होते, पण तोवर मशीन चुकवायचं नाही. एकदा जरी चुकवलं तरी पाणी पुन्हा छातीत भरेल. ती सावकाश बोलली, त्याच्याच बोलीत, एकही वाक्य न सोडता, किडनी कदाचित जागी न होण्याचंही. म्हाळूनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे खरं हाय का?" त्यानं विचारलं.

"खरं आहे, मामा."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं तिला ओलांडून पलीकडे पाहिलं. दुसऱ्या खाटेशी एक परिचारिका नळी नीट करत होती, त्यानं तिला हाक मारली आणि तोच प्रश्न विचारला, मशीन चुकवलं तर चालंल का म्हणून. परिचारिकेनं वर न बघता सांगितलं, "अजिबात नाही हं बाबा. चुकवायचं नाही."

"बरं," म्हाळू म्हणाला, आणि मान हलवली. मग स्टूल ओढून तो पुन्हा बायकोच्या पायथ्याशी बसला.